लासोटाची कुपी, प्रतिजैविकाची पुडी आणि बाकीचा पसारा : परसातल्या कोंबड्यांच्या घरघरीवर काय विकत घ्यावं

तालुक्याच्या गावी पशुऔषधांच्या कुठल्याही दुकानात जाऊन "कोंबड्या घरघर करतायत, काहीतरी द्या" म्हटलं की काउंटरवर साधारण त्याच वस्तू मांडल्या जातात. एक प्रतिजैविकाची पुडी किंवा बाटली, एक लिव्हर टॉनिक, व्हिटॅमिनची पुडी, आणि दुकानदार हौशी असेल तर नीलगिरी-पुदिन्याच्या अर्काचं एखादं द्रावण. फ्रीजमधली लासोटाची, म्हणजे मानमोडीवरच्या लशीची, कुपी मात्र मागितल्याशिवाय बाहेर येत नाही. पैसे आणि उपयोग दोन्ही बघितले तर हा क्रम उलटा हवा. दहा ते पन्नास गावरान, गिरिराज, वनराज किंवा कडकनाथ पाळणाऱ्यांसाठी या वस्तू एकेक करून तपासल्या आहेत.

लासोटा : घ्यायचीच, पण नीट घेता आली तर

मानमोडी म्हणजे राणीखेत हा विषाणूचा रोग. एकदा लागण झाली की त्यावर औषध नाही आणि लस न दिलेल्या कळपातल्या शंभरातल्या ऐंशी-नव्वद कोंबड्या आठ-दहा दिवसांत सहज जातात. लासोटा ही त्यावरची जिवंत विषाणूची लस. यातला विषाणू मुळात सौम्य जातीचा असतो, म्हणून लहान पिलांनाही चालतो. डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकला की तो श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरावर वाढतो आणि रोग जिथून शिरतो तिथेच संरक्षण तयार करतो. परसातल्या पाळणाऱ्याला सुई टोचावी लागत नाही, हा या लशीचा मोठा गुण.

दुकानात कुपी हातात आली की आधी उजेडाकडे धरून बघा. तळाला पांढरट-पिवळसर कोरडी टिकली असते. ती अखंड, सुटी आणि भुसभुशीत दिसली पाहिजे. आक्रसून काचेला चिकटलेली, कडेने ओलसर किंवा चिकट दिसली तर ती लस केव्हातरी गरम झालेली आहे किंवा झाकणातून हवा शिरलेली आहे, परत करायची. मुदतीची तारीख सगळे बघतात, फ्रीज कुणी बघत नाही. लस २ ते ८ अंश सेल्सिअसला राहायला हवी. दुकानातल्या फ्रीजच्या दारात, दर दहा मिनिटांनी उघडझाप होणाऱ्या कप्प्यात, थंड पेयांच्या बाटल्यांशेजारी कुपी ठेवलेली दिसली, आणि गावात रोज चार-सहा तास वीज जात असेल, तर ती घेण्यात अर्थ नाही. खराब झालेली लस दिसायला अगदी चांगल्यासारखीच असू शकते. तिचा रंग बदलत नाही, वास येत नाही. ती फक्त काम करत नाही, आणि ते दोन महिन्यांनी मर लागल्यावर कळतं.

बर्फाचा डबा दुकानदार देईल या भरवशावर जाऊ नका. रुंद तोंडाचा थर्मास घरून न्या, तळाला बर्फ, वर कुपी आणि विरघळवण्याचं द्रावण प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. द्रावण लशीबरोबर मागून घ्यायचं. ते वेगळं असतं आणि बऱ्याचदा द्यायचं राहून जातं, मग माणूस घरी येऊन नळाचं पाणी वापरतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन, आणि क्लोरीन म्हणजे विषाणूचा काळ. लशीची कुपी खिशात घालून दुचाकीवरून दुपारी बाराला तीस किलोमीटर येणं म्हणजे पैसे रस्त्यात टाकून येणं.

आता प्रत्यक्ष काम. वेळ पहाटेची किंवा कोंबड्या खुराड्यात बसल्यानंतरची; पकडापकडी कमी होते आणि ऊन नसतं. सिरिंजने थंड द्रावण ओढून कुपीच्या रबरी बुचातून सुई घातली की आतल्या पोकळीमुळे द्रावण आपोआप आत खेचलं जातं. ते तसं खेचलं गेलं नाही, दट्ट्या दाबावा लागला, तर कुपीतली निर्वात जागा गेलेली आहे. अशी कुपी वापरू नये. द्रावण आत गेल्यावर हलक्या हाताने गोल फिरवायचं, गदागदा हलवायचं नाही. १०० डोसला साधारण ३ मिली द्रावण लागतं, म्हणजे एक थेंब ०.०३ मिलीचा. ड्रॉपर बरोबर आहे की नाही हे साध्या पाण्याने तपासता येतं: १ मिली पाण्याचे तीसच्या आसपास थेंब पडले पाहिजेत. वीसच पडले तर लस अर्ध्यात संपणार, पन्नास पडले तर प्रत्येकीला कमी मिळणार.

एकाने कोंबडी काखेत धरून डोकं आडवं करायचं, एक डोळा सरळ आभाळाकडे. दुसऱ्याने ड्रॉपर डोळ्यापासून बोटभर वर, उभा धरून एक थेंब सोडायचा. टोक डोळ्याला टेकवायचं नाही. थेंब पडल्यावर कोंबडीला लगेच सोडू नका. ती पापणी मिटते, थेंब बुबुळावर पसरतो आणि आत ओढला जातो. तेवढा एक-दोन सेकंदांचा वेळ द्यायचा. डोकं झटकून थेंब उडाला तर पुन्हा टाकायचा, मनातल्या मनात "गेला असेल थोडा" म्हणायचं नाही. काही उत्पादकांचं द्रावण निळसर असतं, ते सोयीचं. थेंब खरंच आत गेला असेल तर थोड्या वेळाने जिभेवर किंवा टाळ्याच्या फटीत निळा डाग दिसतो. झालेल्या कोंबड्या वेगळ्या डालग्याखाली टाकायच्या, नाहीतर शेवटी तीच तीच हाताला लागते आणि दोन-चार सुटतात. कालवलेली लस बर्फावर ठेवून तासा-दीड तासात संपवायची. उरलेली उद्यासाठी फ्रीजमध्ये ठेवणं निव्वळ समाधानासाठी. कुपी आणि उरलेली लस पाण्यात उकळून मग टाकायची. काम झाल्यावर हात साबणाने धुवायचे आणि मधे डोळे चोळायचे नाहीत. हा विषाणू माणसाच्या डोळ्यात गेला तर काही दिवस डोळे लाल होऊन चुरचुरतात.

पाण्यातून लस देणं सोपं वाटतं, पण परसात ते क्वचितच नीट जमतं. मोकाट कोंबडी मोरीचं, गुरांच्या दावणीचं, कुठलंही पाणी पिते. तरी द्यायचीच असेल तर आदल्या रात्री सगळ्या कोंडून ठेवायच्या, सकाळी तास-दोन तास पाणी तोडायचं, विहिरीचं किंवा बोअरचं क्लोरीन नसलेलं पाणी घेऊन त्यात लिटरला अडीच ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर कालवायची, अर्ध्या तासाने लस घालायची आणि ते पाणी दोन तासांच्या आत संपेल एवढंच ठेवायचं. भांडं प्लास्टिकचं, फिनेल किंवा साबणाने न धुतलेलं. तीस कोंबड्यांसाठी १०० डोसची आख्खी कुपी पाण्यात गेली तरी बिघडत नाही. उलटं केलं, म्हणजे १०० डोसची लस पातळ करून दोनशेंना पुरवली, तर मात्र सगळंच वाया.

वेळापत्रक असं: पाचव्या ते सातव्या दिवशी पहिला थेंब, वयाच्या चौथ्या-पाचव्या आठवड्यात दुसरा. आठव्या आठवड्यात आर-टू-बी, म्हणजे मुक्तेश्वर जातीची थोडी जहाल लस, पंखाजवळ कातडीखाली ०.५ मिली. ती सहा आठवड्यांच्या आतल्या पिलांना कदापि द्यायची नाही. ती लसच त्यांना लुळं करू शकते. अंड्यावरच्या कोंबडीला दिली तर अंडी काही दिवस घटतात, म्हणून तलंगा अंड्यावर येण्याआधीच हे उरकायचं. पुढे दर तीन-चार महिन्यांनी लासोटाचा थेंब. थंडी सरून ऊन तापायला लागतं त्या सुमाराला मानमोडी गावोगाव फिरते, तेव्हा एक फेरी जानेवारीत पडेल असा हिशेब ठेवावा. लशीच्या आठवडाभर आधी जंताचं औषध दिलेलं बरं.

लस दिल्यावर तीन ते पाच दिवसांनी काही कोंबड्या हलकं शिंकतात, रात्री बारीक घरघर ऐकू येते. हे अपेक्षित आहे, चार-पाच दिवसांत थांबतं. यासाठी प्रतिजैविक लागत नाही. शिंका आठवड्याच्या पुढे गेल्या आणि डोळ्यांत फेस दिसू लागला तर कळपात आधीपासून मायकोप्लाझ्मा हा जुनाट श्वसनरोगाचा जिवाणू दबा धरून होता आणि लशीने त्याला जाग आणली, असं समजायचं. म्हणूनच आधीच घरघरणाऱ्या कळपाला लासोटा देऊ नये.

लशीबद्दलची एक तक्रार सर्रास ऐकू येते: "लस दिली आणि त्यानंतरच कोंबड्या मेल्या." बहुतेक वेळा शेजारी मर लागल्यावर धावाधाव करून लस आणलेली असते. रोगाचं बीज शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसायला दोन ते पंधरा दिवस, बहुधा पाच-सहा दिवस लागतात. लशीचं पुरेसं संरक्षण तयार व्हायला दहा ते चौदा दिवस. ज्यांच्यात रोग आधीच शिरला होता त्या मरणारच होत्या. लशीचा दोष इतकाच की ती उशिरा आली. तरी तिची खरी मर्यादा सांगायलाच हवी. लस दिलेली कोंबडी सहसा मरत नाही, पण बाहेरचा विषाणू अंगावर घेऊन काही दिवस पसरवू शकते. त्यामुळे कळपातल्या निम्म्याच कोंबड्यांना लस देऊन उरलेल्या सुरक्षित होत नाहीत.

आणि आता या वस्तूचा खरा दोष. कुपी मोठी असते. लहानात लहान म्हटली तरी साधारण १०० डोसची, आणि घरात कोंबड्या अठरा. एकदा उघडली की तासा-दीड तासात संपवायची. वस्तू मोठ्या पोल्ट्रीसाठी घडवलेली आहे, परसासाठी नाही. यावर एकच तोड आहे: वाडीतल्या पाच-सात घरांनी एक दिवस ठरवायचा, एकाच थर्मासमधून घरोघर फिरून तासाभरात थेंब टाकायचे. सगळ्या घरच्या कोंबड्यांना एकदम लस मिळते, हा फायदा पैशांपेक्षा मोठा. कोंबडीमागे खर्च इतका कमी येतो की एका अंड्याच्या विक्रीतून तो निघून जावा. औंधच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेची लस सरकारी दवाखान्यातून मिळते, पण मागणी आधी नोंदवावी लागते. ज्या दिवशी हवी त्याच दिवशी जाऊन मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका.

पुडी घेण्याआधी : हा रोग नक्की कुठला?

घरघर हे लक्षण आहे, रोग नव्हे, आणि काउंटरवर नेमकं हेच कुणी विचारत नाही. चार-पाच रोगांत कोंबडी एकसारखीच चोच उघडून श्वास घेते. बारकाईने बघितलं तर घरीही बराच अंदाज येतो.

मानमोडीत घरघरीबरोबर हिरवट-पांढरे जुलाब, मान पाठीकडे किंवा बाजूला मुरडलेली, पंख-पाय लुळे, आणि भराभर मरतुक. सर्दीत, म्हणजे कोरायझात, एका बाजूचा किंवा दोन्ही बाजूंचा चेहरा सुजतो, डोळा बंद होतो, नाकातून घट्ट शेंबूड येतो आणि त्याला कुजका वास असतो. हा वास एकदा घेतला की पुन्हा चुकत नाही. कोरायझा एक ते तीन दिवसांत सगळ्या कळपात फिरतो, पण मारतो कमी. सीआरडी, म्हणजे मायकोप्लाझ्माचा जुनाट आजार, हळूहळू चालतो: डोळ्याच्या कोपऱ्यात फेसाचे बुडबुडे, रात्री खुराड्याला कान लावला तर घरघर, अंडी कमी, वजन घटतं, मरतुक तुरळक. इन्फेक्शियस ब्राँकायटिस हा कोंबड्यांचा कोरोना विषाणू. पिलं धापा टाकतात, मोठ्या कोंबड्यांच्या अंड्याचं कवच सुरकुततं आणि आतलं पांढरं पाण्यासारखं होतं. देवीचा ओला प्रकार असेल तर चोच उघडल्यावर घशात पिवळट खपल्या दिसतात. ओरबाडल्या तर रक्त येतं, म्हणून ओरबाडायच्या नाहीत. आणि बुरशी लागलेलं तूस किंवा ओला मका दिल्याने पिलं धापा टाकत असतील तर तो बुरशीचा आजार, जिवाणूंचा नव्हे. तिथे प्रतिजैविक दिलं तर उपयोग शून्य, नुकसान मात्र होऊ शकतं.

या सगळ्यांपलीकडे बर्ड फ्लू. कसलीही पूर्वसूचना नसताना एकदम मर, तुरा आणि कल्ले निळे-जांभळे, डोकं सुजलेलं, पायांवर रक्ताळलेले डाग, गावातले कावळे-बगळेही मरत असतील तर दुकानात जायचंच नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला देशातली पहिली लागण सापडली, जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्याला, फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूरच्या वेहळोलीत. मेलेल्या कोंबड्या ओढ्यात टाकू नका, कापू नका, विकू तर नकाच. १९६२ या टोल फ्री क्रमांकावर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं. प्राण्यांच्या सांसर्गिक रोगांविषयीच्या २००९ च्या कायद्याने अशी खबर देणं पाळणाऱ्यावर बंधनकारक आहे. खात्रीचं निदान भोपाळच्या प्रयोगशाळेत होतं. नष्ट केलेल्या कोंबड्यांची भरपाई मिळते, आपोआप मेलेल्यांची नाही. म्हणून लपवून ठेवण्यात पैशांचंही नुकसानच.

प्रतिजैविकं : गरज पडली तर, पण चिठ्ठीवर

विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही, हे वाक्य दुकानदारालाही पाठ असतं आणि तरी पुडी पुढे सरकते. मानमोडी, ब्राँकायटिस, देवी यांत ती फक्त मागाहून होणाऱ्या जिवाणूंच्या संसर्गाला थोपवते. सीआरडी आणि कोरायझात मात्र तिचा खरा उपयोग आहे.

सीआरडीवर टायलोसिन हा पहिला पर्याय. मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिकाच नसते, म्हणून पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन त्याच्यावर निरुपयोगी. घरातली उरलेली माणसांची कॅप्सूल फोडून पाण्यात टाकणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. टायलोसिनचा नेहमीचा डोस लिटरमागे ०.५ ग्रॅम शुद्ध टायलोसिन, तीन ते पाच दिवस. "शुद्ध" हा शब्द महत्त्वाचा, कारण पुडीत टायलोसिन किती टक्के आहे ते वेगवेगळं असतं. चमच्याने अंदाज करू नका, सोनाराच्या छोट्या वजनकाट्यावर मोजा. औषधाने घरघर थांबते, अंडी सुधारतात. कळप मात्र निर्मळ होत नाही. मायकोप्लाझ्मा कोंबडीत आयुष्यभर राहतो आणि अंड्यातून पिलांत जातो. त्या कळपाची अंडी खुडूक कोंबडीखाली बसवून पिलं शेजाऱ्याला दिली की रोगही दिला.

डॉक्सिसायक्लिन स्वस्त आणि बऱ्यापैकी कामाचं, कोरायझालाही चालतं. त्याचं वाकडं कॅल्शियमशी. शिंपल्याचा चुरा, कॅल्शियम टॉनिक, दूध यांच्याबरोबर दिलं की ते बांधलं जातं आणि शरीरात शिरतच नाही. तेवढे दिवस कॅल्शियम बंद. भांडं पत्र्याचं नको.

एन्रोफ्लॉक्सासिन सर्वांत जास्त विकलं जातं, आणि आमच्या मते सर्वांत जास्त गैरवापरही त्याचाच. अमेरिकेने २००५ मध्ये ते कोंबड्यांसाठी बंद केलं, कारण या गटातलीच औषधं माणसांच्या गंभीर आजारांत लागतात. अंडी खाण्यासाठी ठेवलेल्या कोंबडीला ते देऊच नये. परसात तर बहुतेक कोंबड्या अंड्यावरच्याच.

टायाम्युलिन हे मायकोप्लाझ्मावरचं उत्तम औषध, पण एक जीवघेणी अट आहे. ब्रॉयलरच्या तयार खाद्यात रक्ती हगवण रोखण्यासाठी मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन घातलेलं असतं. त्या खाद्याबरोबर टायाम्युलिन दिलं तर कोंबड्या लुळ्या पडून मरतात, आणि दोष रोगावर जातो. खाद्याच्या पोत्यावरची चिठ्ठी वाचल्याशिवाय ही बाटली उघडू नका.

आणि कोलिस्टिन. जुन्या साठ्यातली पुडी कुणी पुढे केलीच तर घेऊ नका. जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांसाठी त्याची निर्मिती, विक्री आणि वितरण बंद केलं आहे. घरघरीवर त्याचा तसाही उपयोग नव्हता.

यातलं काहीही घेतलं तरी पाण्यातून औषध देण्यातली एक अडचण सुटत नाही. जी कोंबडी सर्वांत आजारी, ती पाणीच पीत नाही. औषध पोटभर पितात त्या धडधाकट. निरोगी कोंबडी दिवसाला साधारण १५० ते २०० मिली पाणी पिते, उन्हाळ्यात दुप्पट. पंधरा कोंबड्यांना तीन लिटरमध्ये औषध कालवून ठेवलं आणि संध्याकाळी दोन लिटर उरलं, तर डोस गेलाच नाही. सकाळी कोंडून ठेवून, आधी तहान लागू देऊन, निम्म्या पाण्यात औषध द्यायचं आणि ते संपल्यावरच साधं पाणी ठेवायचं. पेंगणाऱ्या कोंबड्या वेगळ्या काढून त्यांना डॉक्टरांनी सांगितलेला डोस चोचीच्या कडेने थेंब थेंब पाजायचा. एकदम ओतला तर श्वासनलिकेत जातो आणि कोंबडी हातातच जाते. तिसऱ्या दिवशी बरं वाटतंय म्हणून औषध सोडायचं नाही. औषध चालू असताना आणि पुडीवर लिहिलेल्या मुदतीपर्यंत अंडी ना विकायची, ना घरात खायची. मुदत लिहिलेलीच नसेल तर ती पुडीच नको. कायद्याने ही औषधं चिठ्ठीवरच मिळायला हवीत. चिठ्ठी न मागणारा दुकानदार सोयीचा वाटतो, भरवशाचा नसतो.

टॉनिकं, अर्क आणि घरचे उपाय

व्हिटॅमिन ए असलेलं टॉनिक आणि इलेक्ट्रोलाइट आजारातून उठणाऱ्या कोंबडीला उपयोगी. चार-पाच दिवस पुरे. लिव्हर टॉनिकचा श्वसनरोगाशी संबंध नाही, ते बिलातून वगळायला सांगा. नीलगिरी-पुदिन्याच्या द्रावणाने चोंदलेलं नाक मोकळं होतं, कोंबडी पुन्हा खायला लागते, एवढंच. ते औषध नव्हे, पण फसवणूकही नाही. हळद, लसूण, तुळस, अडुळसा यांनी अपाय होत नाही आणि रोगही थांबत नाही. नाकात रॉकेल किंवा गोडेतेल सोडणं मात्र सरळ घातक. तेल फुप्फुसात उतरतं आणि दोन दिवसांत जाणारी कोंबडी दोन तासांत जाते.

जंतुनाशकं

इथे दुकानदार महागडं दाखवतो आणि गरज असते खराट्याची. चुना, ब्लीचिंग, काहीही मारलं तरी शिट आणि ओल्या तुसाच्या थरावर ते वाया जातं. सेंद्रिय घाण क्लोरीनला गिळून टाकते. आधी खरवडायचं, मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने घासायचं, वाळू द्यायचं, त्यानंतर फवारणी. पोटॅशियम मोनोपरसल्फेटची गुलाबी पावडर लिटरला १० ग्रॅम या प्रमाणात उत्तम काम करते, पण आठ-दहा कोंबड्यांच्या खुराड्याला २ टक्के सोडियम हायपोक्लोराइटही पुरतं. भांडी रोज, खुराडं आठवड्याला. फॉर्मेलिन आणि पोटॅशियम परमँगनेटचा धूर देण्याच्या भानगडीत पडू नका. तो बंदिस्त रिकाम्या शेडसाठी आहे, परसातल्या फटींच्या खुराड्यात त्याचा त्रास घरच्या माणसांना होतो.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, खुराडं बंद करून वर प्लास्टिक टाकायची पद्धत आहे. पाऊस अडतो, अमोनिया कोंडतो. अमोनियाने श्वासनलिकेच्या आतली सूक्ष्म केसांची लव जळते आणि मग साधा जंतूही आत उतरतो. तपासायला यंत्र नको. सकाळी खुराडं उघडताना कोंबडीच्या उंचीला खाली वाकून श्वास घ्यायचा; डोळे चुरचुरले तर वरून तीन-चार बोटं फट ठेवायची आणि तूस बदलायचं. टायलोसिनच्या दोन पुड्यांपेक्षा या फटीने जास्त फरक पडतो.

शवविच्छेदन : सर्वांत कमी वापरली जाणारी सेवा

दोन कोंबड्या मेल्या की तिसरीची वाट न बघता मेलेली ताजी कोंबडी, शक्यतो सहा तासांच्या आतली, दुहेरी प्लास्टिक पिशवीत घालून बर्फावर ठेवून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावी. फ्रीझरमध्ये गोठवू नये, आतले अवयव बिघडतात. बर्ड फ्लूचा संशय असेल तर मात्र नेऊ नका, फोन करून बोलवा. जठराच्या आधीच्या पिशवीवर रक्ताचे ठिपके दिसले की मानमोडीचा दाट संशय, हवेच्या पिशव्यांवर चीझसारखा पिवळा साका दिसला की सीआरडी. दहा मिनिटांचं काम, आणि नको ती औषधं घेण्याचा खर्च वाचतो. पुढची तपासणी लागली तर नमुने औंध, पुणे येथील पश्चिम विभागीय रोगनिदान प्रयोगशाळेकडे जातात. दोष हा की निकाल यायला वेळ लागतो आणि सुट्टीच्या दिवशी दवाखाना बंद असतो. तरी फुकटात किंवा नाममात्र शुल्कात मिळणारी यापेक्षा चांगली सेवा नाही.

पिलं विकत घेताना

आठवडी बाजारातून आणलेली कोंबडी हा परसात रोग येण्याचा सर्वांत मोठा रस्ता. कोरायझा किंवा सीआरडीतून उठलेली कोंबडी दिसायला ठणठणीत असते आणि जंतू वाहत असते. नवी आणली की तीस दिवस वेगळी, निदान वाऱ्याच्या दिशेला खाली, वेगळ्या भांड्यात. जुन्या कोंबड्यांना आधी खाऊ घालून मग तिच्याकडे जायचं, उलट नाही. दुचाकीवर टोपल्यातून येणारी रंगवलेली पिलं घेऊच नयेत. ती कुठून आली आणि त्यांना काय दिलंय, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

गोरेगावच्या आरे कॉलनीतली केंद्रीय कुक्कुट विकास संस्था, काही जिल्ह्यांतले सघन कुक्कुट विकास गट किंवा नोंदणीकृत उबवणी केंद्र यांच्याकडून घेताना तीन गोष्टी विचाराव्यात: मरेक्सची, म्हणजे कोंबड्यांना लुळं पाडणाऱ्या विषाणूरोगावरची, लस पहिल्या दिवशी झाली का, लासोटा कुठल्या तारखेला दिली, आणि आई-कळपाची मायकोप्लाझ्मासाठी तपासणी होते का. तिसऱ्या प्रश्नाला ठाम उत्तर देणारे थोडे. पहिल्या दोन्हींच्या तारखा कागदावर लिहून देत असतील तर चार आठवड्यांची वाढवलेली पिलं एक दिवसाच्या पिलांपेक्षा महाग पडली तरी घ्यावीत. ब्रूडिंगचा, म्हणजे पिलांना ऊब देण्याचा, विजेचा खर्च आणि पहिल्या महिन्यातली मर विकणाऱ्याच्या माथी गेलेली असते. घरी आणल्यावर लासोटाच्या दुसऱ्या थेंबाची वेळ झालेलीच असेल, म्हणून पिलांची तारीख ठरवतानाच दुकानदाराकडे लस सांगून ठेवावी.